कार्डाच्या विवरणपत्रातील अनोळखी रक्कम

क्रेडिट कार्ड हे उधारीचे साधन होय. वाण्याच्या दुकानातील उधारीची वही जशी महिनाअखेर मांडली जाते, तसे बँकही दरमहा कार्डधारकाच्या उधारीचे विवरणपत्र पाठविते. फरक इतकाच की, वाण्याची वही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत लिहिली जाते, तर कार्डावर रक्कम मांडणारा व्यापारी पुष्कळदा शेकडो कोसांवर असतो आणि त्याचे तोंडही ग्राहकाने पाहिलेले नसते. भारतात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने ‘सेंट्रल कार्ड’ काढले तेव्हा हे साधन मोजक्या लोकांपुरते होते. आज भोपाळमध्ये न्यू मार्केटमधील कापडाच्या दुकानापासून बैरसियाच्या बाजारपेठेतील पेट्रोलपंपापर्यंत कार्ड चालते, आणि शासकीय कर्मचारी, शिक्षक, भेल वसाहतीतील कामगार व निवृत्तिवेतनधारक यांच्या खिशात ते असते. साहजिकच ‘ही रक्कम कोठून आली?’ हा प्रश्नही आता घरोघर पडू लागला आहे.

या प्रश्नाला लोक बहुधा दोन प्रकारे सामोरे जातात. रक्कम लहान असेल तर ‘कोण खटपट करणार’ म्हणून ती निमूटपणे भरली जाते. मोठी असेल तर संतापाच्या भरात सबंध बिलच भरण्याचे नाकारले जाते. पहिल्या मार्गाने चोरास उत्तेजन मिळते, कारण चोरलेल्या कार्डाचा क्रमांक चालतो की नाही हे पाहण्यासाठी प्रथम दहा-वीस रुपयांचा व्यवहार करून पाहण्याची या टोळ्यांची रीत आहे. दुसऱ्या मार्गाने ग्राहक स्वतःच व्याजाच्या कचाट्यात सापडतो. या दोहोंहून वेगळा असा एक मार्ग रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी आखून दिलेला आहे. तो अवघड नाही. मात्र तो दिवसांच्या हिशेबाने चालतो, आणि हा हिशेब विवरणपत्र हाती पडण्यापूर्वीच सुरू झालेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

येथे एक खुलासा करणे इष्ट होईल. १९९८ पासून शेतकऱ्यांस मिळणारे किसान क्रेडिट कार्ड हे पीककर्जाचे साधन असून त्यासोबत मिळणारे रुपे कार्ड डेबिट कार्डाप्रमाणे वापरले जाते. त्याचे मासिक बिल येत नाही. तथापि अनोळखी व्यवहाराविषयीचे पुढील बहुतेक विवेचन त्या कार्डासही लागू पडते.

नोंद खरोखरच अनोळखी आहे काय?

तक्रार करण्यापूर्वी थोडा शोध घ्यावा, पण त्यात दिवस घालवू नयेत. विवरणपत्रात दुकानाच्या पाटीवरील नाव येईलच असे नाही. तेथे कंपनीचे नोंदणीकृत नाव छापले जाते, किंवा ज्या मध्यस्थ कंपनीमार्फत पैसे गेले तिचे नाव येते. त्यामुळे खरेदी चौक बाजारात झालेली असली तरी नोंदीत मुंबई, बंगळूर अथवा गुरुग्राम असे गाव दिसू शकते. तारखेचाही असाच घोळ होतो. व्यवहाराची तारीख आणि तो खात्यात चढल्याची तारीख यांत दोन-तीन दिवसांचे अंतर पडते. म्हणून रक्कम आधी ताडून पाहावी आणि नाव मागाहून.

काही नोंदी बँकेच्याच असतात. वार्षिक शुल्क, हप्त्याने केलेल्या खरेदीवरील प्रक्रिया शुल्क, विलंब शुल्क आणि या प्रत्येकावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर अशा स्वतंत्र ओळी विवरणपत्रात येतात. पेट्रोलपंपावर कार्ड वापरल्यास सुमारे एक टक्का अधिभार लागतो. अनेक कार्डांवर तो पुढे परतही जमा होतो, परंतु त्यावरील कर बहुधा परत येत नाही. परदेशी संकेतस्थळावर खरेदी केली असता चलनबदलाचा आकार निराळा लागतो. या रकमा मान्य नसतील तर त्यांविषयीही विचारणा करता येते. मात्र ती चोरी नव्हे, आणि तक्रारीत तसे लिहिल्यास प्रकरण भलत्याच विभागाकडे जाते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी. चित्रपट, संगीत वा अभ्यासक्रम यांचे एक महिन्याचे विनामूल्य सभासदत्व घेताना कार्डाचा क्रमांक दिला जातो, महिना उलटतो, आणि वर्गणी कापली जाऊ लागते. अशा आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली पद्धत १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीने अमलात आली. तिच्यानुसार पहिल्या वेळी ग्राहकाची खातरजमा करून घ्यावी लागते, आणि पुढील प्रत्येक वसुलीच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकास सूचना द्यावी लागते. ती वसुली थांबविण्याचा पर्यायही त्या सूचनेतच असतो. असा संदेश जाहिरात समजून पुसून टाकला जातो आणि महिनाअखेर ‘अनोळखी’ रक्कम उभी राहते. उलटपक्षी, पूर्वसूचना न देताच वसुली झाली असेल तर तो तक्रारीचा भक्कम मुद्दा ठरतो.

घरातील माणसांसही विचारावे. पती अथवा पत्नीजवळ, किंवा पुण्यास शिकावयास असलेल्या मुलाजवळ त्याच खात्याचे जोडकार्ड असते, आणि त्यावरील खर्च मूळ कार्डधारकाच्याच विवरणपत्रात येतो. मुलांच्या हाती दिलेल्या मोबाइलवरील खेळांत कार्ड नोंदलेले असेल तर तोही एक नित्याचा उगम आहे. एवढी चौकशी एका संध्याकाळी पुरी होते. तेवढ्याने उलगडा न झाल्यास नोंद अनोळखी समजावी आणि पुढील पाऊल त्याच रात्री टाकावे.

दिवसांची मोजणी

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिले. सहकारी बँकांसाठी तशाच सूचना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाल्या. त्यातील मूळ तत्त्व साधे आहे. चूक वा कुचराई बँकेची असेल तर ग्राहकाने कळविले असो वा नसो, त्याच्यावर एक पैचीही जबाबदारी येत नाही. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, ती मधल्या यंत्रणेत कोठेतरी आहे, अशा वेळी ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले तर त्याची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळविल्यास जबाबदारी मर्यादित राहते: पाच लाख रुपयांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपये, आणि मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपये, व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवस उलटल्यावर मात्र ग्राहक त्या त्या बँकेच्या धोरणाच्या स्वाधीन होतो. या सूचनांत वेळोवेळी फेरफार होत असल्याने बँकेचे चालू धोरण मागून घ्यावे. ते सर्वांस पाहण्यास खुले ठेवणे बँकेवर बंधनकारक करण्यात आले आहे.

ही मोजणी ‘संदेश मिळाल्यापासून’ आहे, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. व्यवहार होताच मोबाइलवर येणारा संदेश हाच तो संदेश. मासिक विवरणपत्राची वाट पाहणाऱ्याचे तीन दिवसच काय, सातही दिवस केव्हाच सरलेले असू शकतात. संदेश मिळाल्याचा दिवस मोजावयाचा नाही, आणि कामकाजाचे दिवस ग्राहकाच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे धरावयाचे. समजा, पिपलानी येथील शाखेत खाते असलेल्या शिक्षिकेस एखाद्या गुरुवारी रात्री संदेश आला आणि लगतचा शनिवार महिन्यातील दुसरा आहे. शुक्रवार हा पहिला दिवस, शनिवार-रविवार सुट्टीचे, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. मंगळवार अखेर तक्रार नोंदली गेली तर तिची जबाबदारी शून्य. बुधवारी चौथा दिवस लागतो आणि पुढच्या शनिवारी, तो तिसरा शनिवार असल्याने बँक चालू असते म्हणून, सातवा दिवस भरतो. मधल्या काळात शाखेस स्थानिक सुट्टी आली तर तोही दिवस वगळावा. अर्थात, सुट्टी मोजणीत धरली जात नाही म्हणून तक्रार थांबवून ठेवण्याचे कारण नाही. कार्ड बंद करण्याची सोय रात्रंदिवस असते आणि चोर सुट्टी पाळीत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. बँकेत नोंदलेला मोबाइल क्रमांक चालू असला पाहिजे आणि तो संदेश वाचणाऱ्याच्याच हाती असला पाहिजे. निवृत्त गृहस्थाच्या खात्यावर परगावी राहणाऱ्या मुलाचा क्रमांक असणे ही भोपाळमध्येच नव्हे, सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. अशा घरात संदेश एकाला आणि नुकसान दुसऱ्याला, असा प्रकार होतो.

ग्राहकाने स्वतःच ओटीपी अथवा गुप्त क्रमांक कोणास सांगितला असेल तर काय? मग कळवीपर्यंत झालेले नुकसान त्याचे. परंतु कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक झालेली असली तरी तोंड लपवून बसण्यात हित नाही. शिक्षक, अधिकारी, वकील असे सुशिक्षित लोक ‘आपण कसे फसलो’ या संकोचापायी दोन दिवस गप्प राहतात, आणि त्या दोन दिवसांत कार्डाची उरलेली मर्यादाही रिकामी होते. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

ग्राहक सर्वस्वी निर्दोष असूनही कार्डाची माहिती फुटू शकते, याचे मोठे उदाहरण २०१६ साली घडले. एटीएम यंत्रांचे काम पाहणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक संगणकप्रणाली शिरली आणि देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. बँकांना ती बंद करावी वा बदलावी लागली. त्यांतील कार्डधारकांनी काहीही गैर केलेले नव्हते.

तक्रार कशी नोंदवावी

प्रथम कार्ड बंद करावे. त्यासाठी कार्डाच्या मागे छापलेला दूरध्वनी क्रमांक अथवा बँकेचे अधिकृत ॲप वापरावे. इंटरनेटवर ‘बँकेचा मदत क्रमांक’ शोधून जो पहिला दिसेल तो लावणे धोक्याचे असते, कारण भामट्यांनी तेथेही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. एकदा फसलेला माणूस मदत मागताना दुसऱ्यांदा फसतो तो येथे. बँकेचा म्हणून बोलणारा कोणी ‘पैसे परत करतो, एवढे ॲप उतरवून घ्या’ म्हणू लागला तर संभाषण तेथेच थांबवावे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांची संकेतस्थळे २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ या अखेरीच्या पत्त्यांवर नेण्यात आली, ती खूणही उपयोगी पडते.

कार्ड बंद झाल्यावर लेखी तक्रार द्यावी. ई-मेल चालतो, संकेतस्थळावरील अर्ज चालतो, आणि ज्यास ते जमत नाही त्याने शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. अर्जात कार्डाचे शेवटचे चार अंक, व्यवहाराची तारीख, रक्कम, विवरणपत्रातील नाव जसेच्या तसे, संदेश केव्हा मिळाला आणि ‘हा व्यवहार मी केलेला नाही, त्यास माझी संमती नाही’ हे वाक्य असावे. कार्डाचा संपूर्ण क्रमांक, गुप्त क्रमांक किंवा ओटीपी कोणत्याही अर्जात लिहू नये. तक्रारीचा क्रमांक मिळाल्याखेरीज दूरध्वनी ठेवू नये, कारण दिवसांचा सारा हिशेब पुढे त्याच क्रमांकावर सिद्ध होतो. २०१७ च्या परिपत्रकानुसार, कळविल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातील रक्कम तात्पुरती जमा दाखवावयाची आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावयाचा असतो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ग्राहकावर व्याजाचा जादा भार पडू द्यावयाचा नाही.

चोरी उघड असेल तर त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, अथवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. या व्यवस्थेत पोलीस व बँका जोडलेल्या असल्याने पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच अडविता येतो. मात्र हे काम घटका-पळांचे आहे. चार दिवसांनी केलेल्या फोनचा पैसे अडविण्यास फारसा उपयोग होत नाही.

व्यवहार ग्राहकानेच केलेला आहे, पण माल आला नाही, रक्कम दोनदा कापली गेली किंवा परतावा मिळाला नाही, असे प्रकरण वेगळे. तेथे ‘चार्जबॅक’ नावाची पद्धत लागू होते. ग्राहकाची बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत व्यापाऱ्याच्या बँकेकडे हरकत नोंदविते, व्यापाऱ्यास पावती वा पोच दाखवावी लागते, आणि ती न दाखविल्यास रक्कम परत फिरते. व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांत अशा हरकतीस साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते. व्यापाऱ्यास आधी लिहून त्याचे उत्तर जपून ठेवलेले असल्यास काम सुकर होते.

बिल भरावे की न भरावे?

सबंध बिल अडवून धरू नये. अनेक कार्डांवर व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाकाठी चाळीस टक्क्यांहून अधिक पडतो. शिवाय एका महिन्याची बाकी राहिली की पुढील नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून वादात नसलेली रक्कम मुदतीपूर्वी भरावी आणि वादातील रकमेविषयी बँकेस लेखी विचारावे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या कार्डविषयक निदेशांत, ग्राहकाने फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कोणताही आकार लावू नये, अशी तरतूद करण्यात आली. बिलावर हरकत घेतल्यास तीस दिवसांत खुलासा, आणि जेथे शक्य तेथे कागदोपत्री पुरावाही द्यावा, असे त्याच निदेशांत सांगितले आहे. न मागता पाठविलेले कार्ड संमतीविना चालू करून त्यावर आकारणी झाली असेल तर बँकेने ती रद्द करून शिवाय तिच्या दुप्पट रक्कम दंडादाखल ग्राहकास द्यावी, अशीही तरतूद त्यात आहे. शाखेतील कर्मचाऱ्यांसही ती पुष्कळदा आठवून द्यावी लागते.

बँकेने दाद न दिल्यास

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापुढे ३ जानेवारी २०२५ रोजी निकाली निघालेले एक प्रकरण उद्बोधक आहे. आसाममधील एका ग्राहकाने २०२१ मध्ये एका कापड कंपनीच्या संकेतस्थळावरून केलेली खरेदी परत करू पाहिली. त्या संकेतस्थळावरील माहिती फुटलेली होती. कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बोलणाऱ्या भामट्याने त्यास एक ॲप उतरविण्यास लाविले आणि त्याच्या स्टेट बँकेतील खात्यातून ९४,२०४ रुपये ८० पैसे गेले. हा क्रेडिट कार्डाचा व्यवहार नव्हता, परंतु नियम तोच. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेस कळविले होते. बँकेचे म्हणणे असे की, व्यवहार ग्राहकाच्याच संमतीने झाले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन बँकेस जबाबदार धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ग्राहकांनीही ओटीपी कोणास न सांगण्याची दक्षता घ्यावी, असे न्यायालयाने त्याच वेळी बजाविले. ग्राहकाची बाजू टिकली ती मुख्यतः त्या चोवीस तासांमुळे.

न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी मात्र क्वचितच यावी. बँकेने तक्रार फेटाळली अथवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच एकात्मिक व्यवस्था करण्यात आली. भोपाळच्या ग्राहकास त्यासाठी होशंगाबाद मार्गावरील रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात खेटे घालण्याची आवश्यकता नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर नोंदविता येते, तसेच चंदीगड येथील केंद्राकडे टपालानेही पाठविता येते. शुल्क नाही, वकील नको. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असणे ही मुख्य अट आहे. ती न पाळल्यास अर्ज परत येतो.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. बँकेचा कार्डविभाग मुंबईस असो वा गुरुग्रामला, भोपाळच्या रहिवाशाने भोपाळच्या आयोगाकडे जावे, फंद्याच्या शेतकऱ्यानेही तेथेच. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही, बाजू स्वतः मांडता येते, आणि तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कोणत्या दारी जावे याविषयी सल्ला हवा असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर विचारता येते.

निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला तरी पुढील दोन विवरणपत्रे बारकाईने पाहावीत. मूळ रक्कम परत जमा होते, पण तिच्यावर लागलेले व्याज, विलंब शुल्क आणि त्यांवरील कर तसेच राहून जातात. ते स्वतंत्रपणे मागावे लागतात. याखेरीज वादाच्या काळात बँकेने ती रक्कम थकबाकी म्हणून पतमाहिती कंपन्यांस कळविली असण्याचाही संभव असतो, आणि त्याचा फटका पुढे घरबांधणीच्या वा शेतीच्या कर्जास बसतो. अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक आढळल्यास दुरुस्तीसाठी अर्ज करावा. एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या नियमानुसार तीस दिवसांत तक्रारीचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसामागे शंभर रुपये भरपाई ग्राहकास देय होते.